नऊ रात्री पितळेच्या भांड्यात : एका जुन्या औषधाच्या निमित्ताने मध्ययुगाच्या अभ्यासाविषयी

नोंदवही (धागाकर्ता)

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दहाव्या शतकातले एक वैद्यकविषयक हस्तलिखित जपलेले आहे. त्यातल्या एका भागाच्या शेवटी लॅटिनमध्ये ओळ आहे : हे पुस्तक बाल्डच्या मालकीचे असून त्याने ते चिल्ड नावाच्या माणसाकडून लिहवून घेतले. बाल्डचे नाव त्या ओळीमुळेच टिकले आणि आज ते जंतुशास्त्राच्या निबंधांत येते. हे कसे घडले ते सांगण्यासाठी हा धागा काढत आहे, कारण निरनिराळ्या विद्याशाखांच्या लोकांनी एकत्र बसून मध्ययुगाचा अभ्यास करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मला या एका उदाहरणावरून जितके कळले तितके कोणत्याही परिसंवादातून कळले नव्हते.

पुस्तक जुन्या इंग्रजीत आहे, म्हणजे आजच्या इंग्रजी वाचकाला ते वेगळे शिकल्याशिवाय अजिबात वाचता येत नाही. त्यात डोळ्याच्या एका विकारावर पुढील उपाय दिला आहे. भाषांतर मी माझ्या परीने केले आहे : ‘डोळ्यावरच्या गाठीसाठी लेप करावा. क्रॉपलेआक आणि लसूण समभाग घेऊन एकत्र चांगले कुटावे. वाईन आणि बैलाचे पित्त समभाग घेऊन त्यात मिसळावे. मग पितळेच्या भांड्यात घालून नऊ रात्री तसेच राहू द्यावे. कापडातून पिळून चांगले निवळून घ्यावे, शिंगात भरावे आणि रात्रीच्या सुमारास पिसाने डोळ्यात घालावे. सर्वोत्तम उपाय.’

नॉटिंगहॅम विद्यापीठात जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी हा लेप प्रयोगशाळेत शब्दशः करून पाहण्याचे ठरवले. निवड अंदाधुंद नव्हती. ‘डोळ्यावरची गाठ’ म्हणजे बहुधा आपण जिला रांजणवाडी म्हणतो ती, आणि रांजणवाडी बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूमुळे होते. त्याच जंतूचा एक प्रकार आज अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि रुग्णालयांची झोप उडवतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले की हा लेप त्या जंतूंच्या चांगल्या मुरलेल्या थरालाही मारतो, आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या जखमांवर घेतलेल्या चाचणीतही तो परिणाम करतो.

बातम्यांमध्ये ‘हजार वर्षांपूर्वीचे औषध’ एवढेच गाजले. माझे लक्ष मात्र ‘क्रॉपलेआक’ या शब्दावर अडकले. हा शब्द कांदा, लसूण, लीक या कुळातल्या कोणत्या वनस्पतीचा, याविषयी भाषा-अभ्यासकांमध्ये एकमत नाही. काही जण कांदा म्हणतात, काही लीक. शब्दकोश करणाऱ्याला दोन्ही अर्थ देऊन पुढे जाता येते. प्रयोगशाळेत मात्र काहीतरी एक सोलून कुटावेच लागते. त्यांनी दोन्ही प्रकारे लेप करून पाहिला. भाषेतला अनिर्णय अशा रीतीने प्रयोगाच्या मांडणीत उतरवावा लागतो, आणि ते करायला दोन्हीकडचा माणूस एकाच टेबलाशी असावा लागतो. एकाने भाषांतर करून पाठवायचे आणि दुसऱ्याने ते प्रमाण मानून वाटायला घ्यायचे, या पद्धतीने तो प्रश्न कुणाला दिसलाच नसता.

पितळी_डबा

लेख आवडला. पितळेच्या भांड्याविषयी मात्र आपण एका वाक्यात पुढे गेलात, आणि माझे घोडे तिथेच अडले.

पितळेत आंबट ठेवू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगितले जाई. आमच्या घरी कल्हईवाला आला की अंगणात खड्डा करून भाता लावत असे. भांडे तापले की नवसागराची चिमूट, तिचा नाकात जाणारा पांढरा धूर, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एकच गोल हात. भांडे आतून चांदीसारखे होई. एकदा कल्हई उडालेल्या पातेल्यात आमसुलाचे सार रात्रभर राहिले. सकाळी आजीने ते न चाखता, नुसता वास घेऊन, ‘कळकलंय’ म्हणून ओतून दिले. पातेल्याच्या काठाशी हिरवट कड धरली होती, ती मला आजही दिसते.

तो इंग्रज वैद्य वाईन, लसूण आणि पित्त यांचे मिश्रण कल्हई नसलेल्या पितळेत नऊ रात्री ठेवायला सांगतो, म्हणजे आपली आजी जे टाळत होती तेच तो मुद्दाम घडवून आणतो. भांड्यातले तांबे लेपात उतरावे, हाच हेतू असेल का? तांबे जंतूंना मारक असते, हे तर आज सर्वमान्य आहे.

नोंदवही

‘कळकणे’ हा शब्द मला लिहिताना सुचला नाही, याची खंत वाटते. या क्रियेला आपल्या भाषेत एक स्वतंत्र क्रियापद असावे, यातच पिढ्यांचे निरीक्षण आले.

प्रयोगात त्यांनी काचेच्या बाटल्या वापरल्या आणि त्यांत पितळेच्या पत्र्याचे तुकडे बुडवून ठेवले. मूळ शब्दही सरळ नाही. ‘आर्फेट’ यातला ‘आर’ हा तांब्याच्या मिश्रधातूंसाठी सैलपणे वापरला जाई. पितळ, कासे, तांबे यांतले नेमके कोणते, हे शब्दावरून ठरत नाही. हेतूविषयी मी सावध राहीन. वैद्याच्या घरात पितळेचे भांडे होते म्हणून त्याने ते लिहिले, असेही असू शकते. हेतू ठरवायचा तर त्या पुस्तकातल्या इतर कृतींत भांड्याचा धातू केव्हा सांगितला आहे आणि केव्हा नाही, हे आधी मोजावे लागेल.

कल्चर_प्लेट

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि या विषयातला उत्साह पाहिला की माझ्या भुवया आपोआप वर जातात, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. राग मानू नये.

लसूण कुटली की ॲलिसिन तयार होते आणि बशीतल्या बहुतेक जंतूंना ते त्रास देते. हे पदवीच्या वर्गात आम्ही दाखवतो. त्यामुळे ‘लसूण असलेल्या औषधाने जंतू मेले’ यात बातमी कसली? दुसरे असे की जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांत शेकडो कृती असतात, त्यांत मंत्रही असतात आणि शेणही असते. त्यांतली एक आशादायक कृती उचलायची, ती चालली की ‘पूर्वजांना सगळे माहीत होते’ म्हणायचे आणि न चाललेल्या कृतींची गणतीच करायची नाही, हे शास्त्र नव्हे. आपल्याकडे या चुकीला किती मोठी बाजारपेठ आहे ते मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट सूचनावजा. कृपया हा लेप कुणीही घरी करून डोळ्यात घालू नये. उंदराची जखम आणि माणसाचा डोळा यांत फार अंतर आहे.

नोंदवही

राग कसला? हाच आक्षेप त्या गटानेही स्वतःवर घेतला होता.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की त्यांनी घटक एकेक करून वगळले आणि लेप पुनःपुन्हा तपासला. पूर्ण परिणामासाठी एकाहून अधिक घटक एकत्र लागतात, हा २०१५ च्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष होता. पुढे वॉरिक विद्यापीठातून २०२० साली आलेल्या कामात जंतूंच्या सुट्या पेशी आणि त्यांनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर यांची वेगवेगळी तपासणी झाली. माठ बरेच दिवस घासला नाही तर आतून जो बुळबुळीत थर हाताला लागतो, तो या थराचाच घरगुती नमुना. जंतू त्यात दडले की औषधाला सहज सापडत नाहीत. सुट्या जंतूंच्या बाबतीत ॲलिसिनने बरेचसे भागते, पण थराच्या बाबतीत एकट्या ॲलिसिनने परिणाम समजावून सांगता येत नाही, असे त्यांना आढळले.

दुसरा मुद्दा खरा वजनदार आहे आणि त्यासाठी त्यांना तिसरी विद्याशाखा बोलवावी लागली. पंधराव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतराच्या रूपात टिकलेला एक मोठा वैद्यकग्रंथ घेऊन त्यातल्या कृतींचे घटक संगणकावर नोंदवले आणि कोणता घटक कोणाबरोबर वारंवार येतो याचे जाळे गणिती पद्धतीने तपासले. म्हणजे संशोधकाच्या डोळ्याला आवडलेली एक कृती उचलण्याऐवजी सगळ्या ग्रंथालाच प्रश्न विचारला : तुझ्या निवडीत काही पद्धत आहे की हाताला येईल ते तू घातले आहेस? पद्धत दिसली, आणि संसर्गावरच्या उपायांत जे घटक घट्ट गुंफलेले आढळले त्यांतल्या अनेकांची जंतुनाशकता आधुनिक प्रयोगांत स्वतंत्रपणे नोंदलेली होती.

तिसऱ्या सूचनेला पूर्ण पाठिंबा. त्या गटानेही पुढची सुरक्षिततेची तपासणी निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर केली आहे, डोळ्यावर नाही.

शाईदौत

या चर्चेत जर्मनीतल्या डालहाइमच्या जोगिणीची आठवण अटळ आहे. तिथे बायकांचा एक लहानसा मठ होता. चौदाव्या शतकात तो जळाला आणि त्यातले ग्रंथ वगैरे काही उरले नाही. उरली ती दफनभूमी. तिथल्या एका स्त्रीच्या दातांवरचे कीटण यॉर्क विद्यापीठाच्या अनिता रादिनी यांनी तपासायला घेतले, ते आहारात कोणते धान्य होते हे पाहण्यासाठी. कीटणात पिष्टाचे कण अडकून राहतात, म्हणून हा उद्योग. कीटण विरघळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गर्द निळे कण दिसू लागले, एकदोन नव्हे तर शंभराहून अधिक.

हे निळे म्हणजे लाजवर्द, त्या काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणारे आणि युरोपात फार मोलाचे. ग्रंथ सजवणारे अव्वल चित्रकार ते वापरत. ती बाई मेली तेव्हा ४५ ते ६० वर्षांची होती आणि तिचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचा आहे. मग तिच्या दातांत हे आले कसे? सगळे मार्ग तपासून संशोधकांनी जास्त संभाव्य ठरवला तो असा, की ती स्वतः ग्रंथ रंगवत असावी आणि कुंचल्याचे टोक ओठांत धरून त्याला अणी आणत असावी. हा निबंध २०१९ चा.

सुईत दोरा ओवताना टोक ओठात धरून ओले करणारे हात ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. मला त्यातले विशेष हे वाटते की मठांतल्या स्त्रिया ग्रंथलेखन करत होत्या, हे इतिहासकारांना कागदोपत्री ठाऊक होते, पण त्या काळचे बहुतेक ग्रंथ निनावी आहेत आणि निनावी ग्रंथ पुरुषाचा धरण्याची सवय होती. निळ्या कणाचे मोल काय, हे आहारतज्ज्ञाला एकटीला कळले नसते. हस्तलिखितांची जाणकार मंडळी त्या निबंधात सहलेखक म्हणून आहेत, ती उगीच नाहीत.

घोटीव_मोडी

आता घरच्या आघाडीवर यावे म्हणतो. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमागून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, त्यांतले कागद कोट्यवधींच्या घरात जातात, आणि घरोघरच्या बाडांत वैद्यकाच्या चोपड्या आहेत त्या वेगळ्याच. बाल्डच्या पुस्तकात ‘समभाग’ असल्यामुळे त्या मंडळींची वजनाच्या कटकटीतून सुटका झाली. (वजनाने सम की मापाने सम, हा प्रश्न तरीही उरतोच.) आपल्या चोपडीत गुंज, मासा, तोळा येतात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक पाठ असले तरी शेर आला की पक्का का कच्चा, आणि कोणत्या पेठेतला, हे विचारावे लागते.

कालनिर्णयाची गोष्ट तर याहून पुढची. पत्रावर ‘समान सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी आकडे आहेत : आठ, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६८. हा सन सूर्य मृगात गेला की बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. त्यात ५९९ मिळवावे तर इसवी सन १७६७ येतो, पण मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारी उजाडला की ६०० मिळवायचे. त्याच पत्रात शेवटी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा दिवस, हिजरी पद्धतीने दिलेला असतो. एकाच कागदावर अरबी भाषेतला आकडा, सौर वर्ष, चांद्र महिना आणि मोडी लिपी! असा कागद वाचणारा आपल्या जागी बसल्या बसल्या चार विद्याशाखा चालवत असतो, फक्त त्याला कुणी ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणत नाही.

लोकमान्य टिळकांकडे जेधे शकावली (शिवकाळातल्या घटनांची तिथीवार नोंद) आली तेव्हा तिचे महत्त्व त्यांच्या ध्यानात आले, त्यात त्यांच्या इतिहासप्रेमाबरोबर पंचांगाच्या गणिताचाही वाटा होता, असे मला नेहमी वाटते.

कोरडवाहू

मोडीच्या निमित्ताने दुष्काळाचा विषय काढतो, कारण तिथे प्रयोगशाळेने आपल्याच इतिहासाला हात घातला आहे.

दुर्गादेवीचा दुष्काळ आपण ऐकून असतो. सन १३९६ पासून बारा वर्षे पाऊस नाही, गावेच्या गावे ओसाड, किल्ले पाळेगारांच्या हाती गेलेले, अशी परंपरा आहे. ‘बारा वर्षे’ हा आकडा ऐकला की इतिहासकार साहजिकच सावध होतो, कारण आपल्याकडे वनवास, तप आणि दुष्काळ हे सगळे बारा वर्षांचेच असतात. पण बस्तरच्या दंडक गुहेतल्या एका चुनखडीच्या लवणस्तंभाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवणस्तंभ थराथराने वाढतो, प्रत्येक थरात त्या त्या काळच्या पाण्यातला ऑक्सिजन अडकतो, आणि पाऊस जोरदार असला की त्यातल्या जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते. थरांचे वय युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून काढतात. इसवी सन ६०० ते १५०० या काळाचा हा आलेख चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पाऊसमान पुनःपुन्हा खालावल्याचे दाखवतो, आणि त्या संशोधकांनी दुर्गादेवीच्या दुष्काळाचा उल्लेख तिथे स्पष्टपणे केला आहे.

कोरडवाहू जमीन कसणाऱ्या घरातला असल्यामुळे मला हा आलेख पाहताना जे वाटले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

घोटीव_मोडी

उदाहरण चांगले आहे, तरी दोन गोष्टी नोंदवतो. बस्तर आणि आपला माणदेश यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर आहेत, आणि थरांच्या वयात काही वर्षांचे मागेपुढे असतेच. त्यामुळे ‘१३९६’ हा आकडा लवणस्तंभाने सिद्ध केला असे म्हणता येणार नाही; तो काळ कोरडा होता, इतकेच म्हणता येईल.

आणि पाऊस न पडणे म्हणजे दुष्काळ नव्हे. धान्य कुठल्या कोठारात होते, वाटा कोणाच्या ताब्यात होत्या, सारा माफ झाला की नाही, यावर माणसे मरतात किंवा तगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो, पण तिच्या पोटात बिदरच्या बादशहाचे भरलेले कोठार आहे, हे विसरू नये. गुहेतला दगड कोठाराविषयी काही सांगत नाही.

कोरडवाहू

मान्य. उलट बाजूने पाहिले तर कागदही गुहेशिवाय अपुरा आहे. सारा माफ केल्याचा कागद सापडला की आपण राज्यकर्त्याची उदारता म्हणतो; त्या वर्षी खरोखर पीक बुडाले होते की रयत पळून जाण्याची भीती होती, हे पावसाचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय कसे ठरवणार?

शाईदौत

हे सगळे ऐकायला छान आहे, पण करायचे कुठे? मी स्वतः जुन्या कागदांच्या रासायनिक तपासणीवर पीएचडीसाठी अर्ज केला होता. विद्यापीठाचे नाव घेत नाही. इतिहास विभागाने विचारले की यात इतिहास कुठे आहे. रसायनशास्त्र विभागाने विचारले की यात नवे रसायन कुठे आहे. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी रास्त होते, याचेच जास्त दुःख झाले. सहमार्गदर्शक दुसऱ्या विद्याशाखेचा चालेल असे नियमात लिहिलेले होते, पण अर्जाच्या छापील नमुन्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता. कारकुनाने सहानुभूतीने सांगितले, ‘मॅडम, समासात लिहा.’ मी समासात लिहिले आणि समितीने अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत केला.

कल्चर_प्लेट

समासातल्या सहमार्गदर्शकाला माझा नमस्कार. आमच्या बाजूची अडचणही सांगतो : अशा कामातला निबंध कोणत्या नियतकालिकात छापायचा, इथपासून भांडण असते. इतिहासकाराला एकट्याच्या नावाचा ग्रंथ हवा असतो आणि आम्हाला दहा जणांच्या नावांचा चार पानी निबंध. पदोन्नतीच्या वेळी दोघांनाही एकमेकांचे काम अर्धेच मोजले जाते.

सातवा_रुमाल

चर्चा वाचून धीर आला म्हणून एक प्रत्यक्ष अडचण मांडते. आमच्या घरी पणजोबांच्या वडिलांची मोडी चोपडी आहे. तीत औषधे आहेत असे सगळे सांगतात. मी मोडी आत्ताच शिकले. एका कृतीत ‘हि॥ २ मासे’ असे आहे, आधीच्या ओळीत ‘हिरडा’ पूर्ण लिहिला आहे. हे ‘हि॥’ म्हणजे पुन्हा हिरडाच का? मग दोनदा का लिहावे? कृतीला मथळा नाही.

घोटीव_मोडी

मोडीत शब्द असे तोडून दोन रेघा मारण्याची रीत आहेच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडी पाळत नाही, म्हणून ‘हि’ आणि ‘ही’ दोन्ही शक्यता धरा. हिरडा आधी आला असेल तर दुसरा ‘हि’ बहुधा हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, असावा. हिराकस औषधातही येतो, पण हिरडा आणि हिराकस शेजारी शेजारी आले की मला पहिली शंका औषधाची येत नाही. पुढच्या ओळीत भांडे कोणते सांगितले आहे ते पाहाल का?

सातवा_रुमाल

पाहिले. ‘लोखंडी कढईत तीन दिवस ठेवणे, मग वस्त्रगाळ करणे.’

पितळी_डबा

पुन्हा भांडे!

कल्चर_प्लेट

हिरड्यातला टॅनिनचा अंश आणि लोह एकत्र आले की गडद काळा रंग तयार होतो. ताई, तुमच्या पणजोबांच्या वडिलांनी शाई केली आहे.

सातवा_रुमाल

म्हणजे ज्या चोपडीला घरात औषधाची म्हणून हात लावू देत नव्हते, तिच्यात निदान एक पान तरी शाईचे आहे. चोपडी त्याच शाईने लिहिली असेल का, हे कसे ओळखावे?

शाईदौत

आपल्याकडचे बहुतेक जुने मोडी कागद काजळीच्या शाईचे असतात आणि तिचे अक्षर शतकांनंतरही काळेच राहते. लोहाची शाई तपकिरी पडत जाते आणि अक्षराभोवती कागदाला पिवळसर कड धरते. फार जोरदार असली तर अक्षराच्या जागी कागद फाटतो. पान उन्हात धरू नका, खिडकीपाशी सावलीत आडवे ठेवून पाठीमागची बाजू पाहा आणि इथे लिहा. बोट ओले करून पाने उलटू नका, एवढी विनंती.

सातवा_रुमाल

आत्ता संध्याकाळ झाली आहे. उद्या सकाळी पाहून लिहिते.